वाळवंटी झाडं, होळीच्या फुलापासून मृगाच्या बीपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कच्छ फिरून आलेले, भूजकडे निघालेले आणि बडोद्यातच गच्चीवर किंवा अंगणात कोरड्या भागातली झाडं सांभाळणारे मराठी वाचक फेब्रुवारी ते जून या काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. झाडाचं मराठी नाव रुळलेलं असेल तिथे तेच वापरलं आहे. बाकीची नावं कच्छमध्ये ऐकू येतात तशीच ठेवली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, कुठे पाहायचं तेवढं सांगितलं आहे.

कच्छच्या झाडांना फुलं नेमकी कधी येतात आणि बी कधी तयार होतं?

एक तारीख सांगता येणार नाही, पण क्रम बऱ्यापैकी ठरलेला आहे. सगळ्यात आधी, हिवाळ्यातच, थोर फुलतो. मागोमाग रोहिड्याला पिवळी, नारिंगी, लाल घंटेसारखी फुलं येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ती भरात असतात. पिलूची बारीक हिरवट फुलं कुणाच्या लक्षातही न येता याच सुमारास उमलून जातात. मार्च-एप्रिलमध्ये केरडा लालगुलाबी होतो आणि शमीला पिवळसर तुरे लटकू लागतात. पुढे चैत्र-वैशाखात शेंगा आणि फळं भरतात. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागतं. तोपर्यंत बहुतेक झाडांचं बी खाली पडलेलं असतं, नाहीतर पडायच्या बेतात असतं. होळीला फूल, मृगाला बी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. हा नियम न पाळणारी झाडंही आहेत, त्यांच्यासाठी बोरांचा प्रश्न पाहा.

उन्हाळा तोंडावर असताना फुलायचं कशाला? पाऊस झाल्यावर, भरपूर पाणी असताना का फुलत नाहीत?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि बाकी बहुतेक प्रश्नांची किल्लीही याच उत्तरात आहे.

झाडाचं वर्ष पावसापासून उलटं मोजायचं. कच्छमध्ये वर्षाकाठी सरासरी साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जूनअखेर ते सप्टेंबर या काळात आणि मोजक्याच दिवसांत. जैसलमेरच्या बाजूला तर तो दोनशेच्याही खाली जातो. नुकत्याच उगवलेल्या रोपाला जगायचं असेल तर या ओल्या आठवड्यांतच मूळ खोल न्यावं लागतं. एखाद्या झाडाने ऑगस्टमध्ये फुलून ऑक्टोबरात बी टाकलं, तर त्या बीला पुढचे आठ महिने कोरड्या मातीत पडून राहावं लागेल. त्या काळात मुंग्या, उंदीर आणि किडे त्याचा फडशा पाडतील. जूनच्या सुरुवातीला पडलेल्या बीला मात्र थोडेच दिवस थांबायचं असतं. मे-जूनमध्ये बी पिकायचं, तर फूल फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच यायला हवं. वसंतातला बहर हा असा पुढच्या पावसाच्या हिशोबाने येतो.

दुसरं कारण परागीभवनाचं. कोरड्या, स्वच्छ हवेत परागकण भिजत नाहीत आणि मधमाश्या, भुंगे, शिंजीर दिवसभर फिरू शकतात. रोहिड्याच्या फुलात मध भरपूर असतो आणि बुलबुल, शिंजीर त्यावर अक्षरशः तुटून पडतात. त्या दिवसांत आसपास फुललेलं दुसरं फारसं काही नसतं, त्यामुळे गिऱ्हाईक सगळं त्याच्याकडेच.

अंगावर एकही पान नसताना फुलायला पाणी आणि ताकद येते कुठून?

गेल्या पावसाळ्यातून. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या थंडीत बनवलेली साखर खोडात, फांद्यांत आणि मुळांत पिष्टाच्या रूपात साठवलेली असते. कळ्या त्यावर पोसल्या जातात. पाण्याचा सर्वांत मोठा खर्च पानांचा असतो, कारण बाष्प पानांवाटेच उडतं. पानं गाळली की उरलेली ओल फुलांना आणि फळांना पुरते. शिवाय उघड्या फांदीवरचं लाल फूल पाखराला लांबून दिसतं.

केरड्याचं आणखी वेगळं. त्याला पानं अगदी थोडे दिवस असतात, एरवी त्याच्या हिरव्या काड्याच पानांचं काम करतात. शमी मात्र उलट वागते. वैशाखात आजूबाजूचं सगळं उजाड असताना ती नवी पालवी घेऊन उभी असते, कारण तिचं मूळ इतरांना न मिळणाऱ्या खोल ओलाव्यापर्यंत पोचलेलं असतं. राजस्थानाने तिला राज्यवृक्ष केलं आणि मारवाडात १७३० साली खेजडलीच्या बिष्णोई लोकांनी, एकूण ३६३ जणांनी, तिच्यासाठी प्राण दिले, त्यामागे धर्माइतकीच ही भर उन्हाळ्यातली सावली आणि चाराही आहे.

फुलाचं बी होताना आत नेमकं काय घडतं?

पराग पोचला की पाकळ्यांचं काम संपतं. त्या एक-दोन दिवसांत गळतात आणि झाड सगळं पोषण फुलाच्या तळाशी असलेल्या बीजांडकोशाकडे वळवतं. पहिल्या टप्प्यात आत गर्भ आकार घेतो, त्या वेळी बी कोवळं, पाणीदार असतं. दुसऱ्या टप्प्यात त्यात पिष्ट, प्रथिनं, तेल भरलं जातं. या काळात हिरवी शेंग स्वतःही थोडीफार साखर बनवते.

वाळवंटी झाडाच्या दृष्टीने महत्त्वाचा तो तिसरा टप्पा, वाळण्याचा. मूळ झाडाशी असलेली नाळ तुटते, बीमधलं पाणी उतरत उतरत दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहीखाली येतं. याच सुमारास बीमध्ये अशी प्रथिनं आणि साखरा तयार झालेल्या असतात की पाणी गेलं तरी पेशींची आतली घडी मोडत नाही. एका विशिष्ट संप्रेरकामुळे गर्भ उगवण्याची घाई न करता झोपून राहतो. मे महिन्यात वाळूचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सियसच्या वर तापतो. ओलं बी त्यात शिजून जाईल, वाळलेलं टिकतं. म्हणून मेचं ऊन हा बी घडण्याचाच एक भाग आहे, असं मी आग्रहाने सांगते.

मे महिन्यात झाड पूर्ण वाळलेलं दिसतं. मेलं का? कसं ओळखायचं?

पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची साल नखाने थोडी खरवडा. आत हिरवं आणि किंचित ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. फांदी वाकवून पाहा, जिवंत फांदी लवते, मेलेली कट्कन मोडते. गुग्गुळाची साल कागदासारखी सुटत असते आणि खाली हिरवा थर असतो, तिथे खरवडायचीही गरज नाही.

सोसायट्यांमध्ये आणि शाळांच्या आवारात मे महिन्यातच ‘वाळलेलं’ काढून टाकायची मोहीम निघते, याचं मला खरोखर वाईट वाटतं. त्या वाळलेल्या शेंगांतच वर्षभराची कमाई असते. छाटायचंच असेल तर बी पडून जाऊ द्या. शमीच्या छाटणीबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

अशा झाडाला उन्हाळ्यात पाणी घालायचं का?

जमिनीत दोन-तीन पावसाळे काढलेल्या झाडाला नाही. पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातल्या रोपाला आठवड्यातून एकदा, पण मुरेल असं खोल पाणी द्या. रोज शिंपडल्याने मुळं वरच राहतात. कुंडीचं गणित वेगळं, त्यासाठी अडेनियमचा प्रश्न पाहा.

अमेरिकेतलं वाळवंट मार्चमध्ये फुलांनी भरलेलं रील्समध्ये दिसतं. मार्चमध्ये कच्छला गेलो तर तसं काहीच नव्हतं. असं का?

दोन्ही वाळवंटांना पाऊस वेगवेगळ्या ऋतूंत मिळतो, म्हणून. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात मुख्य पाऊस हिवाळ्यात पडतो. शरदातल्या पहिल्या चांगल्या सरीने मातीत पडून राहिलेलं बी उगवतं, रोपं थंडीभर जमिनीलगत पसरून राहतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एकदम फुलतात. ही सगळी वर्षायू रोपं असतात. मेच्या उन्हात ती बी टाकून मरतात आणि जागा पुन्हा उघडी पडते. डेथ व्हॅलीत २००५ आणि २०१६ साली असा प्रचंड बहर आला होता. दरवर्षी तो येत नाही, कारण बीच्या सालीतली उगवण रोखणारी द्रव्यं धुऊन निघतील इतका पाऊस योग्य वेळी पडावा लागतो. आणि पडला तरी सगळं बी एकदम उगवत नाही. काही बी पुढच्या वर्षांसाठी मातीतच राहतं, म्हणून एखादा हंगाम फसला तरी वंश बुडत नाही.

आपल्याकडे हिवाळ्यात पश्चिमेकडून एखादीच सर येते, तेवढ्यावर गालिचा होत नाही. आपली वर्षायू रोपं पावसाळ्यात उगवतात. गोखरूची पिवळी फुलं आणि बन्नीतलं, म्हणजे कच्छच्या गवताळ पट्ट्यातलं, गवत पाहायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात जा. मार्चमध्ये आपल्याकडे फुलतात ती झाडं आणि झुडपं, म्हणून नजर जमिनीवरून उचलून फांद्यांकडे न्यायला हवी.

एक साम्य मात्र विलक्षण आहे. अमेरिकेतल्याच सोनोरा वाळवंटात उन्हाळ्यातही पाऊस पडतो. तिथला सग्वारो हा उंच खांबासारखा निवडुंग एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीला फुलतो आणि त्याची लाल फळं पहिल्या उन्हाळी पावसाच्या थोडीशी आधी पिकतात. आपल्या रोहिड्याशी त्याचं दूरचंही नातं नाही, तरी दोघांचा हिशोब एकच.

केरड्याचं लोणचं घालतात ते फूल, कळी की फळ? आणि सगळीच तोडली तर बीचं काय?

ते कोवळं, हिरवं फळ. वाटाण्यापेक्षा थोडं मोठं, चवीला कडू, म्हणून आधी काही दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात ठेवून मग लोणचं घालतात. बडोद्यात मंडईत एप्रिल-मेमध्ये मिळतात ती हीच. झाडावर राहिलेलं फळ पिकून गुलाबी-लाल होतं, पाखरं गर खातात आणि बी लांब टाकतात.

तोडण्याने केरड्याचं फारसं नुकसान होत नाही, याचं एक कारण म्हणजे त्याला पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा बहर येतो. दुसरं म्हणजे त्याच्या मुळांतूनही नवे फुटवे निघतात. तरी पाखरांसाठी वरच्या फांद्या सोडाव्यात. तोडणारी अनुभवी माणसं सोडतातही, काट्यांमुळे तिथवर हात पोचत नाही हेही आहेच.

आमच्या शमीला शेंगा येतच नाहीत, तुऱ्यांवर खडबडीत गाठी होतात. रोग आहे का?

ज्या शमीची आपण दसऱ्याला पूजा करतो तिच्याबद्दल हे दोन वेगळे प्रश्न एकत्र येतात, म्हणून सावकाश सांगते.

गाठी असतील तर ते डोळ्यांना न दिसणाऱ्या, कोळ्यांच्या वर्गातल्या सूक्ष्म जीवांचं काम असतं. काही वेळा बारीक माशीही त्याला कारण होते. ते कोवळ्या फुलोऱ्यात शिरतात, झाड त्या जागी गाठ बनवतं आणि शेंगेला जायचं पोषण तिथे अडतं. झाड त्याने मरत नाही. गाठी असलेले तुरे काढून टाका, विषारी फवारणी करू नका, कारण त्याच वेळी शेजारच्या निरोगी तुऱ्यांवर मधमाश्या असतात.

गाठी नाहीत, फुलोराही नाही, असं असेल तर छाटणी आठवून पाहा. मारवाडात चाऱ्यासाठी हिवाळ्यात शमीच्या फांद्या पूर्ण उतरवतात, आणि तशा झाडाला पुढच्या उन्हाळ्यात सांगरी, म्हणजे शमीची शेंग, येत नाही, हे तिथल्या शेतकऱ्यांना चांगलं माहीत असतं. फुलं येतात ती नव्या वाढीबरोबर, आणि पूर्ण छाटलेलं झाड त्या वर्षी सगळी ताकद फक्त फांद्या भरून काढण्यात घालवतं. शेंगा हव्या असतील तर एका वर्षी अर्ध्याच फांद्या छाटा.

प्रत्येक झाडाचं बी वेगवेगळ्या तऱ्हेने का पसरतं?

मे-जूनमध्ये उपलब्ध असलेला वाहक वापरायचा, एवढाच नियम. त्या महिन्यांत वारा जोरात असतो, म्हणून रुईचं फळ उकलून रेशमी झुपक्याची म्हातारी उडते आणि रोहिड्याच्या लांब वाकड्या शेंगेतून पातळ पंखांचं बी निघतं. शमीच्या आणि बाभळीच्या शेंगा गोड किंवा पौष्टिक असतात, चाऱ्याच्या टंचाईत जनावरं त्या खातात आणि टणक बी शेणातून बाहेर पडतं. पिलूची रसाळ फळं पाखरांसाठी. थोराला कुणाचीच गरज लागत नाही, त्याचं तीन खणांचं फळ वाळलं की फुटतं आणि बी आपोआप उडवलं जातं. कडू इंद्रावणाची फळं वाळून हलकी होतात आणि वाऱ्याबरोबर वाळूवर गडगडत जातात.

पावागढच्या वाटेवरचा पळस हे वाळवंटी झाड मानायचं का?

नाही, तो कोरड्या पानझडी जंगलातला. पण वेळापत्रक तेच: धुळवडीला केसूडां, म्हणजे पळसाची फुलं, मे-जूनमध्ये चपटी शेंग. शेंगेच्या टोकाला एकच बी असतं आणि बाकीची अख्खी शेंग वाऱ्यावर उडायला पंखासारखी उपयोगी पडते.

मग चणिया बोरं हिवाळ्यात कशी पिकतात?

हा खरा अपवाद. चणिया बोरीचं झुडूप पावसाळ्यात फुलतं आणि नोव्हेंबर ते जानेवारीत पिकतं, म्हणजे इतरांच्या आधी सगळं उरकून उन्हाळ्यात पानं गाळून पडून राहतं. वर म्हटलेला आठ महिने थांबण्याचा धोका त्याला जड जात नाही, कारण त्याचं बी दगडासारख्या आठोळीत बंद असतं. उंदरालाही ती फोडायला कष्ट पडतात. थांबायची सोय कवचातच असल्यामुळे फुलण्याच्या वेळेचं बंधन त्याला नाही.

मार्चमध्ये मावठं झालं तर बी येतं का?

फुलं उमललेली असताना जोराची सर आली तर पराग धुऊन जातो, फुलं गळतात आणि त्या वर्षी शेंगा कमी धरतात. शेंगा भरल्यावर आली तर उलट दाणे चांगले भरू शकतात, पण ओल्या शेंगांना बुरशी आणि भुंगेरे लागतात. सगळ्यात वाईट म्हणजे मेमधली फसवी सर. पातळ सालीचं बी तेवढ्यात उगवतं आणि आठवड्याभरात करपतं. टणक सालीचं बी एका सरीने फसत नाही.

गांडो बावळही उन्हाळ्यात शेंगा देतो, हिरवा राहतो. मग तो लावला तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं. गांडो बावळ म्हणजे आपली वेडी बाभूळ, मूळची अमेरिका खंडातली. कच्छच्या रणाचा क्षार पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकात ती बन्नीच्या कडेला लावली गेली. तिला वर्षातून दोनदा शेंगा येतात, त्या गोड असतात, गुरं आणि नीलगाई खातात आणि बी जिथे जाईल तिथे रुजतं. बन्नीच्या गवताळ जमिनीचा मोठा भाग तिने व्यापला आहे, आणि आपल्या मही नदीच्या कोतरांतही, म्हणजे घळींतही, ती भरपूर दिसते. गवताचं बी पडायला उघडी जमीनच राहत नाही, ही तिची खरी हानी. कृपा करून तिचं बी आणू नका.

कच्छहून बी आणून बडोद्यात लावता येईल का?

येईल, पण अभयारण्याच्या हद्दीतून बी उचलणं कायद्याने मना आहे, त्यामुळे रस्त्याकडेच्या किंवा कुणाच्या शेतातल्या झाडाचं, विचारून घ्या. जमिनीवर पडलेल्या शेंगांपेक्षा झाडावर पिकलेल्या घ्याव्यात. शमीच्या पडलेल्या शेंगांत बहुधा भुंगेऱ्यांनी भोकं पाडलेली असतात. भोक असलेला दाणा टाकून द्या.

पुढची पद्धत सालीवर ठरते. शमी आणि बाभूळ यांच्या बीवर पाणी शिरू न देणारी साल असते. कढत पाणी ओतून ते रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी फुगलेले दाणे पेरा, न फुगलेल्यांवर पुन्हा तोच प्रयोग करा. पिलूचं बी अजिबात थांबत नाही. कडुनिंबाच्या लिंबोळ्यांचंही तसंच, गर धुऊन काही दिवसांत पेरायचं, कपाटात ठेवलं की संपलं. रोहिड्याचं बी त्याच पावसाळ्यात, वाळूत, अगदी उथळ पेरा.

अडचण येते ती बडोद्याच्या मातीची आणि पावसाची. इथे वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि काळी माती पाणी धरून ठेवते. कच्छची रोपं इथे तहानेपेक्षा मुळं कुजून मरतात. उंचवटा करून त्यात जाड रेती आणि वीटभट्टीचा चुरा मिसळा. पिशवी लांब घ्या, कारण शमीचं सोटमूळ पहिल्या दोन महिन्यांतच खाली धावतं.

गच्चीवरच्या अडेनियमला शिंगांसारख्या जोडशेंगा आल्या आहेत. काढू की ठेवू?

अडेनियम अरबस्तान आणि आफ्रिकेतलं, पण वागणूक ओळखीची. उन्हाळ्यात फुलतं, शेंग भरायला दोन-तीन महिने घेतं. शहरातल्या गच्चीवर परागीभवन क्वचितच होतं, म्हणून आलेली शेंग ठेवा. झाड लहान असेल तर एकच जोडी राहू द्या. शेंग करडी पडू लागली की तिच्यावर सैल दोरा किंवा जाळीची पिशवी बांधा, नाहीतर एका दुपारी ती उकलेल आणि दोन्ही टोकांना झुपके असलेलं बी शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाईल. शेंग धरलेली असताना कुंडीला नेहमीपेक्षा थोडं जास्त पाणी चालतं, पण वरची माती कोरडी झाल्यावरच.

गुग्गुळाला फळं येतात, पण आसपास नर झाड कुठेच नाही. ते बी उगवेल का?

उगवू शकेल. गुग्गुळाची नर झाडं फार दुर्मिळ असतात, आणि मादी झाड परागाशिवायही बी बनवू शकतं. ते रोप आईची हुबेहूब प्रत असतं. वर फुलाचं बी होण्याबद्दल जे सांगितलं, त्यातला परागाचा टप्पा इथे गाळला जातो, भरण्याचे आणि वाळण्याचे टप्पे तेच राहतात. फळं फोडलीत तर दोन रंगांचं बी दिसेल. काळं तेवढं पेरा, पांढरट बी पोकळ असतं. काळ्यातलंही सगळं उगवत नाही, त्यामुळे बागेसाठी पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली जाड फांदी जास्त भरवशाची.

मात्र सगळी झाडं फांदीवरून किंवा अशा एकट्या आईपासून वाढली, तर त्यांच्यात वैविध्य राहत नाही, आणि एखादी कीड आली तर सगळी एकदम जातात. डिंकासाठी खोल चिरा मारल्यामुळे गुग्गुळ आज जगाच्या अति संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. कुठे नर झाड दिसलं, तर ती जागा वनविभागाला कळवा आणि त्याची एक काडीही तोडू देऊ नका.